आजीचं इन्सुलिन
आज दिवेलागणीला रामबागेतल्या घरी आजीला इन्सुलिनचं इंजेक्शन देत होतो. तिने विचारलं, "हे कशापासून करतात रे?" पूर्वी डुकरांच्या, गाईंच्या स्वादुपिंडातून काढायचे म्हटल्यावर ती देवघराकडे बघत गप्पच झाली.

"आता तसं नाही गं. इन्सुलिनचं मानवी जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालतात." त्यासाठी इकोआरवन हे विकर (एन्झाइम) डीएनएत जीएएटीटीसी ही अक्षरं येतील तिथेच कापतं, लायगेज हे दुसरं विकर तुकडे सांधतं. मग जिवाणू वाढत जातात, इन्सुलिन बनवत राहतात. १९७८ मध्ये प्रयोगशाळेत जमलं, १९८२ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

"म्हणजे विरजणच की!" आजी म्हणाली.

किती नेमकं बोलली! इतकी वर्षं रोज ही कुपी हाताळतोय, आज मात्र ती फ्रीजमध्ये परत ठेवताना भरून आलं.