टाकीमागचे बेडूक: आंबोलीतला पावसाळी कॅम्प

जुलैमध्ये आंबोलीला चाललेय म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अरे वा, धबधबा! मग त्याला सांगावं लागतं की धबधबा नाही रे, बेडूक आणि साप बघायला चाललेय, की तो दोन सेकंद आपल्याकडे नीट बघतो आणि विषय बदलतो. आईने तर सरळच विचारलं, बेडूक बघायला पैसे देऊन जातात? जातात. आणि एकटेदुकटे नाही, अख्खी टेम्पो ट्रॅव्हलर भरून जातात.

आमच्या गाडीत सगळ्या तऱ्हेची माणसं होती. आयटीवाली पोरं, बँकेतून रिटायर झालेले एक काका ज्यांच्याकडे सगळ्यात महागडी मॅक्रो लेन्स होती, आठवीतल्या मुलाला घेऊन आलेल्या एक टीचर, आणि माझ्यासारखे दोनचार जण ज्यांना बेडूक म्हणजे बेडूक एवढंच माहीत. पुण्याहून रात्री निघून पहाटे संकेश्वरला हायवे सोडला, मग गडहिंग्लज, आजरा. आजऱ्याला चहा. इथला घनसाळ तांदूळ घ्यायचाच असं मी ठरवलं होतं पण त्या वेळी दुकानं कुठली उघडी असायला. आजऱ्यानंतर ऊस हळूहळू संपतो, काजूची झाडं सुरू होतात, आणि आंबोली जवळ यायला लागली की धुकं असं काही उतरतं की ड्रायव्हरदादाने वायपर, हेडलाइट आणि देवाचं नाव तिन्ही एकदम चालू केलं.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर साधारण 690 मीटर उंचीवर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला पहिली धडक देतात ती इथे. वर्षाला 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस, म्हणजे पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास दहापट. हे आकडे वाचून कळत नाही, तिथे पोचल्यावर खोलीतली उशीसुद्धा ओलसर लागली की कळतं. कपडे वाळत नाहीत, मोबाइलचा चार्जिंग पोर्ट 'मॉइश्चर डिटेक्टेड' म्हणत बसतो, आणि दुपारी बारा वाजता संध्याकाळचे सहा वाजल्यासारखं वाटतं. बेडकांसाठी मात्र हा स्वर्ग आहे, त्यांना कातडीतूनही श्वास घ्यायचा असतो आणि ती कातडी ओली राहायला हवी.

कातडीचा विषय आम्हाला पहिल्याच माहिती सेशनमध्ये नीट समजावला. कॅम्प घेणाऱ्या दादांनी सुरुवातीलाच सांगितलं की कुठल्याही प्राण्याला हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, 'जरा इकडे वळव' म्हणून काडी लावायची नाही, आणि ओडोमॉस चोपडलेले हात घेऊन बेडकाच्या जवळ तर अजिबात जायचं नाही, कारण आपल्या हातावरचं जे काही असेल ते त्याच्या कातडीतून थेट आत जातं. आठवीतला मुलगा म्हणाला, मग डास चावले तर? दादा म्हणाले, चावू देत. विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. आम्ही मनात जंगल, हेडलॅम्प, गमबूट असं सगळं रंगवून आलो होतो आणि पहिल्या संध्याकाळी दादा आम्हाला घेऊन गेले कुठे, तर राहत्या घराच्या मागच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीपाशी. टाकीवर झुकलेल्या फांद्यांना पांढरे फेसाचे गोळे लटकत होते. साबणाचा फेस कुणीतरी झाडावर फेकलाय असं वाटावं. ही मलबार ग्लायडिंग फ्रॉगची घरटी. मादी अंगातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळत राहते, अगदी ताक घुसळावं तसं, त्याचा फेस होतो, त्यात अंडी. फेस बाहेरून सुकतो पण आतून ओला राहतो, म्हणून वर फांदीवर असूनही अंडी वाळत नाहीत आणि पाण्यातले मासे, किडे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खाली पाण्यात पडतात. म्हणून फांदी पाण्यावर झुकलेलीच लागते. जंगलात डबकं नसेल तर माणसाची टाकी चालते, विहीर चालते, त्यांना काही फरक पडत नाही.

आणि स्वतः बेडूक! पोपटी हिरवा, मोठा, पायांच्या बोटांमध्ये लालकेशरी पडदा. उडी मारताना तो पडदा पसरतो आणि पठ्ठ्या एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. आम्ही बघत होतो तेव्हा एका मादीच्या पाठीवर एक नर घट्ट बसलेला आणि बाजूच्या पानावर दुसरा चान्स बघत बसलेला. बँकवाले काका टाकीच्या कट्ट्यावर ओणवे होऊन इतका वेळ फोटो काढत होते की घरच्या काकी आतून ओरडल्या, "पावणे, टाकीत पडशात, पियाचा पाणी आसा ता!" त्यानंतर काका दोन पावलं मागे सरकले, पण दोनच.

जेवून नाइट ट्रेल. तासभर चाललो तरी वळण गाठलं नव्हतं, कारण दर दोन पावलांवर काहीतरी सापडत होतं. हा स्पीड मला आधी जड गेला. आपल्याला चालायची सवय असते, पोचायची सवय असते, इथे एकेका झुडपाला टॉर्च मारून पानाची वरची बाजू, खालची बाजू, खोडाची फट असं सगळं बघत जायचं. बुश फ्रॉग्जचा आवाज सगळीकडून येत होता, टिक टिक टिक टिक, पण दिसेल तर शपथ. अंगठ्याच्या नखाएवढा जीव आणि आवाज असा की वाटावं समोरच बसलाय. यांच्यातली एक जात 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी नवीन म्हणून नोंदवली आणि तिच्या नावातच आंबोली आहे. या बुश फ्रॉग्जची मजा म्हणजे ते शेपटीवाल्या पिल्लाची स्टेजच गाळतात, अंड्यातून डायरेक्ट पिटुकला बेडूक बाहेर. डबक्याची भानगडच नाही.

हरणटोळ साप दिसला, वेलीवर झोपलेला, हिरवा, इतका बारीक की दादांनी बोट दाखवल्यावरही मला वेलच दिसत होती. आणि मग ज्याच्यासाठी अर्धी गाडी आली होती तो चापडा. मलबार पिट व्हायपर. रस्त्यालगतच्या बांधावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेवाळलेल्या फांदीवर वेटोळं करून. आमचा हा तपकिरी होता, पण याच जातीत हिरवेही असतात आणि चक्क पिवळेकेशरीही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक खड्डा असतो, त्याने त्याला समोरच्या प्राण्याच्या अंगाची उष्णता कळते, म्हणून मिट्ट अंधारात उंदीर कुठेय ते बरोबर समजतं. आमच्या सोबतचे गावातले वाटाडे दादा म्हणाले, हा कालही इथेच होता, परवाही इथेच होता. शिकार येईपर्यंत तो हलत नाही. टीचरबाई थोड्या मागे सरकल्या तसे ते हसून म्हणाले, "भिया नको, तो काय करूचो नाय. तुमीच त्याका काय करू नको." विषारी आहे, हात घातला तर चावणारच, पण त्याला आपल्यात काही इंटरेस्ट नाही हे पाच मिनिटं शांत उभं राहिलं की लक्षात येतं.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. त्याच रस्त्यावर दुसरा एक ग्रुप होता, नाव घेत नाही, दोन्ही बाजूंनी मोठमोठे फ्लॅश लावून. त्यांच्यातल्या एकाने काठीने दुसऱ्या चापड्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं, मग त्याला उचलून 'बॅकग्राउंड क्लीन' असलेल्या फांदीवर ठेवलं. फोटो नक्की भारी आले असतील, शेकड्याने लाइक्स मिळाले असतील. पण जो प्राणी एका जागेवर कित्येक रात्री वाट बघत बसतो त्याची जागाच बदलून टाकली तर त्याने काय करायचं? आंबोलीत आता हे फार वाढलंय असं गावातले लोक स्वतः सांगत होते. माझं मत विचाराल तर कॅम्प निवडताना राहण्याची सोय, जेवण हे नंतर विचारा, आधी विचारा की तुम्ही प्राणी हाताळता का. हो म्हणाले तर पैसे वाचवा.

परतताना डांबरी रस्त्यावर आंबोली टोड दिसला. छोटासा, कुशीवर पिवळे पट्टे. दिसायला काही विशेष नाही, पण हा प्राणी जगात जवळपास याच परिसरात सापडतो, आययूसीएन या जागतिक संस्थेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' आहे, म्हणजे निसर्गातून नामशेष व्हायच्या आधीची शेवटची पायरी. पहिल्या पावसात जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जी उथळ पाणथळं साचतात त्यात हे अंडी घालतात. आणि सड्याकडे जायला मधे रस्ता ओलांडावा लागतो. वीकेंडला त्या रस्त्यावरून किती गाड्या जातात ते सांगायला नको. आम्ही रांगेत, खाली टॉर्च मारत, पाय बघून टाकत आलो, तरी चिरडलेले दिसलेच. आठवीतला पोरगा पुढे पळत जाऊन प्रत्येक बेडकापाशी उभा राहून आम्हाला हात करत होता, ट्रॅफिक पोलिस झाला होता नुसता.

सकाळी धुकं जरा उघडलं तेव्हा सड्यावर गेलो. फुलांना अजून वेळ होता, पण बारकाईने बघितलं तर ड्रोसेराची लाल ठिपक्यांसारखी रोपं उगवायला लागलेली, किडे खाणारी. ओल्या कातळावर शेवाळात चिकटून बसलेली पिल्लं पाहिली, लांब शेपटीची, पाण्याबाहेर! ही इंडिराना नावाच्या बेडकांची. वाहत्या पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा असला तरी यांचं भागतं. यातलीच इंडिराना चिरवासी ही जात 2014 मध्ये आंबोलीतूनच नोंदवली गेली. वाटेच्या कडेला पालापाचोळ्यात एक काळपट गांडुळासारखं काहीतरी वळवळलं, मला वाटलं गांडूळ, दादा म्हणाले खापरखवल्या, साप आहे तो, मातीत राहतो आणि गांडुळं खातो. देवगांडूळ वेगळं, ते दिसायला गांडूळ पण नात्याने बेडकाचं भावंड, त्याचीही एक जात 2003 मध्ये इथूनच नोंदलेली आहे. ते आम्हाला दिसलं नाही.

कावळेसाद पॉइंटला वारा एवढा होता की दरीत पडणारं पाणी उलटं वर येऊन तोंडावर आदळत होतं. गर्दी, मक्याची कणसं, मोठ्याने गाणी. तिथून लवकर निघालो.

हिरण्यकेशी मात्र आवडलं. गुहेतून नदी उगम पावते, पुढ्यात महादेवाचं देऊळ, आणि हे पाणी कोकणात न उतरता उलटं पूर्वेला आजरा, गडहिंग्लजकडे जातं, घटप्रभेला मिळतं. आम्ही आलो तोच रस्ता. इथल्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी, बोटभर लांबीची, आणि 2021 मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटभर माशासाठी! मला हे फारच आवडलं. पाण्याला लोंढा होता त्यामुळे मासा काही दिसला नाही, पण शीळकरी कस्तुर या पक्ष्याने मात्र पूर्ण वेळ शीळ घातली, कुणीतरी आळशी मुलगा ट्यून विसरत विसरत वाजवतोय तशी.

संध्याकाळी चौकुळच्या रस्त्यावर धुक्यातून एकदम गवे. पाचसहा, एक पिल्लू. गाडी बंद करून बसलो. सगळे खुश, पण वाटाडे दादांचा चेहरा वेगळाच, त्यांच्या भावाचं भात आदल्याच आठवड्यात तुडवलेलं. आपल्याला तो साइटिंग असतो, त्यांना रात्रीचं जागरण असतं.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर काकी रागावतील. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी. दिवसभर भिजून आल्यावर ती गरम पिठी भातावर घेतली की विचारूच नका. जळवांचं म्हणाल तर लीच सॉक्स घ्या, तंबाखूचं पाणी वगैरे उपाय पावसात धुऊन जातात. चावली तर दुखत नाही, रक्त मात्र बराच वेळ थांबत नाही कारण ती रक्त न गोठू देणारा पदार्थ सोडते. बँकवाल्या काकांच्या पायातून निघाली ती निपाणीच्या ढाब्यावर, म्हणजे परतताना आम्ही दुसऱ्या रस्त्याने आलो तेव्हा, आणि त्यांनी आधी तिचा मॅक्रो काढला.

शेवटच्या रात्री सगळ्यांनी बसून यादी केली, कोणी काय पाहिलं. एका तपकिरी बेडकावर गाडं अडलं. सड्याखालच्या ओढ्यात दिसलेला, खरखरीत पाठीचा. दादा म्हणाले फोटोवरून जात सांगणार नाही, आवाज ऐकला असता तर बघितलं असतं. त्या फोटोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून भांडण चालू आहे, काका इंडिराना म्हणतात, आयटीवाला एक जण नाही म्हणतो, आणि आठवीतला मुलगा दोघांनाही रोज नवीन फोटो क्रॉप करून पाठवतो.