पॅरिस कम्यूनच्या खुणा पाहायच्या असतील तर

१८७१ साली अवघे ७२ दिवस टिकलेल्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर जनतेच्या क्रांतिकारी शासनाच्या, खुणा पाहायच्या असतील, तर सुरुवात मोंमार्त्रच्या टेकडीपासून करावी. प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर राष्ट्रीय रक्षकदल या शहरातल्या नागरिकांच्या सशस्त्र दलाच्या तोफा हस्तगत करण्यासाठी सरकारने १८ मार्चला येथे सैन्य धाडले. परंतु जमलेल्या स्त्री-पुरुषांवर गोळ्या झाडण्यास सैनिकांनी नकार दिला आणि सरकारप्रमुख तिएर यांच्या फ्रेंच सरकारला व्हर्सायला जावे लागले. टेकडीवर आता साक्रे-कर चर्च आहे, तर उतारावरच्या बागेला कम्यूनची लढवय्यी शिक्षिका लुईझ मिशेल हिचे नाव आहे. कम्यूनची घोषणा २८ मार्चला जेथे झाली, ते नगरभवन मेच्या अखेरीस जळाले. आजची इमारत नंतर बांधलेली असल्याने ती बाहेरूनच पाहिली तरी चालते.

वेळ राखून ठेवावा तो पेर लाशेझ दफनभूमीसाठी. गांबेत्ता मेट्रो स्थानकावर उतरून वरच्या दाराने आत गेल्यास चढ टळतो. प्रवेश विनामूल्य आहे. वाटा दगडी आणि खडबडीत असल्याने चांगले बूट हवेत. मेच्या अखेरीस सरकारी सैन्याने पॅरिस परत घेऊन कम्यून चिरडले, तेव्हा आग्नेय कोपऱ्यातल्या भिंतीपाशी २८ मे रोजी १४७ कम्यूनवाद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. भिंतीवर ‘कम्यूनच्या मृतांस’ एवढे शब्द आणि २१ ते २८ मे या तारखा कोरलेली साधी पाटी आहे. ती पाहून चॅपेलजवळचे तिएर यांचे भव्य स्मारक अवश्य पाहावे. कत्तलीचा आदेश देणारे सरकार आणि तिचे बळी यांना एकाच दफनभूमीत जागा कशी मिळाली आहे, हे तेथे उभे राहूनच उमगते.

कम्यूनने ओलिसांना ठार मारले, त्यांत आर्चबिशप दार्बोईही होते, आणि ती हत्या मला समर्थनीय वाटत नाही. तरीही बेकरी कामगारांच्या रात्रपाळीवर बंदी घालणाऱ्या आणि धर्मसत्तेला राज्यसत्तेपासून वेगळे करणाऱ्या या शासनाचे मोल मला फार मोठे वाटते. हीच फारकत फ्रान्सने १९०५ मध्ये कायद्याने स्वीकारली.

जमल्यास मेच्या अखेरीस जावे, कारण दरवर्षी त्या सुमारास भिंतीपर्यंत मिरवणूक निघते. लुईझ मिशेलची कबर मात्र लव्हाल्वा-पेरे या उपनगरात आहे. गांबेत्ताहून ३ क्रमांकाची मेट्रो थेट तिकडे जाते.