पंचाहत्तर मिलिमीटरवरच्या दोन खुणा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बाईंचा फोन आला तेव्हा खरं सांगते, गॅदरिंग, सहल, निरोप समारंभ असलं काही डोळ्यासमोर आलंच नाही, आलं ते प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतलं टेबल आणि त्यावर पसरलेला विमानाचा प्लॅन. २०१०-११ चं वर्ष, मी नववीत. आम्ही सहाजण होतो, चार मुलं आणि आम्ही दोघी. विज्ञानाच्या सरांनी वर्षभर रद्दी गोळा करायला लावली होती, त्यात थोडे त्यांचे स्वतःचे पैसे घातले आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून इलेक्ट्रिक रिमोट कंट्रोल विमानाचं किट घेऊन आले. खोका उघडला तर आत विमान नव्हतंच. पातळ लाकडाच्या फळ्या, त्यात लेझरने कापलेले तुकडे, दोन-चार काड्या, आणि एक भलामोठा कागद. एकजण तर म्हणाला, सर दुकानदाराने फसवलं वाटतं. सर नुसते हसले.

ते लाकूड म्हणजे बाल्सा. पंखाची एक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली बरगडी, हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटायचंच नाही, नखाने दाबलं की खड्डा पडायचा. पंख १२०० मिलिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ चार फूट, रुंदी २४०. प्लॅन टेबलावर चिकटवायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा म्हणजे गोंद प्लॅनला लागत नाही, मग काड्या टाचण्यांनी जागेवर धरायच्या आणि एकेक रिब उभी करायची. सरांचा एकच नियम होता, आधी कोरडं बसवून बघ, मग गोंद. फेविकॉल लावला की रात्रभर हात लावायचा नाही. फेविक्विक फक्त अडचणीच्या जागी, आणि ते लावताना खिडकी उघडी, कारण धुराने डोळे चुरचुरायचे. पंखाचे दोन भाग मध्ये प्लायची पट्टी घालून अरल्डाइटने जोडले, एक भाग टेबलावर सपाट आणि दुसऱ्याच्या टोकाखाली भूमितीची पुस्तकं रचून तो वर उचललेला, कारण दोन्ही पंख जरा वर वळलेले असले की वाऱ्याने विमान कलंडलं तरी आपसूक सरळ व्हायला बघतं.

मोटर बसवायची पुढची फळी मुद्दाम तिरकी होती. उजवीकडे थोडी आणि खाली थोडी, दोनेक अंश असेल. आम्हाला वाटलं किटमध्ये चूक आहे आणि मी कानस घेऊन सरळ करायला बसले, सरांनी वेळेत हात धरला. मग खडू घेऊन फळ्यावर समजावलं की नाकावरचा पंखा फिरतो त्याचा जोर आणि त्याच्यामागे गोल फिरत येणारी हवा विमानाचं नाक डावीकडे ओढते म्हणून मोटर आधीच उजवीकडे वळवून ठेवायची, आणि जोर वाढवला की नाक वर जातं म्हणून खाली. एवढंसं तिरकं लाकूड, पण त्यामागे कुणीतरी किती विचार केलाय हे कळल्यावर मी ती फळी परत परत बघत बसले होते.

मोटरचा दिवस मात्र माझा होता. आमच्या अण्णांचं सांगलीजवळच्या कुपवाडला मोटर रिवायंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी यायच्या, त्यामुळे तांब्याच्या तारेचा वास माझ्या लहानपणापासून नाकात. किटसोबतची मोटर ब्रशलेस, लिंबाएवढी, तीन वायरी बाहेर आलेल्या. त्यावर १००० केव्ही लिहिलेलं, म्हणजे एका व्होल्टला हजार फेरे, आणि बॅटरी तीन सेलची ११.१ व्होल्टची, म्हणजे पंखा नसताना मिनिटाला अकरा हजाराच्या आसपास. पहिल्यांदा पंखा न लावताच चालवली तर उलटी फिरली. सगळे मॅन्युअल चाळायला लागले. मी म्हटलं सर, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. "तुला गं कसं माहिती?" "अण्णा रोज हेच करतात सर, थ्री फेजची मोटर उलटी फिरली की दोन फेज बदलतात." केलं आणि फिरली सुलटी! संध्याकाळी अण्णांना सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा तास बंद ठेवून ती मोटर बघायला शाळेत आले. हातात धरून फिरवून बघितली, आणि एवढ्या बारीक जागेत वायंडिंग कुणी भरलं असेल म्हणून सरांना विचारत राहिले.

बॅटरी लिपोची, म्हणजे लिथियम पॉलिमरची, २२०० एमएएच. ती चार्ज होताना सर शेजारी खुर्ची टाकून बसायचे, बॅटरी वाळू भरलेल्या कुंडीत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबायचं, आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवायची. रिमोट आधी चालू करायचा मग विमानाची बॅटरी जोडायची, बंद करताना बरोबर उलटं. रिमोटवरची काडी उजवीकडे ढकलली की उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप वर गेली पाहिजे. हे आम्ही शुभंकरोतीसारखं पाठ केलं होतं.

आणि सीजी. गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर दोन्ही पंखांखाली पेन्सिलने ठिपके काढले, बॅटरी आत ठेवून दोन बोटांवर विमान तोललं, बॅटरी जरा पुढे सरकवली आणि विमान सरळ राहिलं, नाक किंचित खाली. मीच तोललं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही शेपटीवर शाळेचं नाव रंगवलं. ऑइल पेंट, आधी पिवळा हात, तो वाळल्यावर दुसरा, मग लाल अक्षरं, दोन्ही बाजूंनी. कल्पना आम्हा दोघींचीच, आणि दिसत पण फार छान होतं.

जानेवारीतला रविवार, सकाळी साडेसहा, वर्गातल्या एकाच्या शेतात ऊस तुटून गेलेला, वारा अजिबात नाही, पलीकडच्या फडात टोळी कामाला लागलेली आणि बैलगाड्या भरत होत्या. सरांच्या ओळखीचे एक काका कोल्हापूरहून आले होते, त्यांना मॉडेल उडवायची सवय. त्यांनी झडपा बघितल्या, तीस पावलं लांब जाऊन रिमोटची रेंज बघितली, मग विचारलं, "सीजी बघितलाय का?" मी म्हटलं, "हो काका, बघितलाय."

सरांनी हातातून विमान सोडलं. सुटल्या सुटल्या नाक वर गेलं, काकांनी काडी पुढे दाबली तरी वरच, मग क्षणभर ते हवेत थांबल्यासारखं झालं, डाव्या पंखावर कलंडलं आणि खाली. फार तर सहा-सात सेकंद. तो लाकूड मोडल्याचा आवाज माझ्या अजून कानात आहे.

कुणीच काही बोललं नाही. सरांनी तुकडे गोळा केले, पंखा मोडलेला, पुढची फळी तडकलेली, डाव्या पंखाच्या दोन रिब गेलेल्या, पण धड आणि शेपटी शाबूत. रबरबँडने पंख परत बांधला, बॅटरी आत ठेवली आणि माझ्याकडे दिलं. "तोल बघू." मी ठिपक्यांवर बोटं ठेवली आणि शेपटी धप्पकन खाली गेली. सर म्हणाले, "तू खोटं बोलली नाहीस पोरी. पण सीजी उडवायच्या दिवशी बघायचा." मी तिथेच बांधावर बसून रडले, आणि टोळीतल्या एका मावशींनी येऊन पाणी दिलं.

मग तीन आठवडे दुरुस्ती. शेपटीच्या लाकडावर चढवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म रंगासकट सोलून काढली, शिपाई काकांच्या घरून इस्त्री आणून नवी फिल्म चढवली (गरम इस्त्री फिरवली की सुरकुत्या डोळ्यादेखत ताणल्या जातात, बघत राहावं असं काम आहे ते). जुनी फिल्म प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवली, तेवढीच नवी दुसऱ्या पारड्यात. फरक ३८ ग्रॅम. अकराशे ग्रॅमच्या विमानाला ३८ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण शेपटी सीजीपासून ६० सेंटिमीटर लांब, सीसॉच्या पार टोकाला बसलेल्या पोरासारखी, सरांनी गणित करायला लावलं तर सीजी जवळजवळ दोन सेंटिमीटर मागे सरकला होता. शाळेचं नाव मग मार्करने लिहिलं, पंखाखाली, लहान अक्षरात.

दुसऱ्या वेळी शेतात काकांनी विचारायच्या आधीच मी विमान बोटांवर धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या दिवशी ते सहा मिनिटं उडलं. ऊन पंखातून आरपार यायचं आणि आतल्या रिब दिसायच्या, आम्ही बसवलेल्या, एकेक. अण्णा पण आले होते, मान वर करून बघत होते आणि सारखं म्हणत होते, काय आवाज आहे बघ मोटरचा.

आता दुकान मी बघते. गेल्या महिन्यात शाळेत गेले होते तर विमान प्रयोगशाळेत छताला टांगलेलं आहे अजून, फिल्म पिवळी पडलीय. महोत्सवाच्या आधी साफसफाई होईलच, तर एवढंच मागणं आहे, पंखांखाली पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर पेन्सिलचे दोन ठिपके आहेत, ते पुसू नका.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी २०१२