तुम्ही विचारलंत म्हणून: नेमबाजीच्या क्लासला बॅग कुठली?

रविवारी रेंजवरनं बाहेर पडलो की गाडी सुरू करायच्या आत कोणीतरी गाठतंच. कधी एखादी आई, कधी वडील, परवा तर खानापूरहून नातीला घेऊन आलेले आजोबा होते. प्रश्न ठरलेला. "क्लासला घातलंय ओ पोरीला, सामान न्यायला बॅग कुठली घ्यायची?" आणि लगेच मोबाईल पुढं. त्यावर मिलिटरी रंगाची, वरनं खालपर्यंत नुसते पट्टे नि बक्कल असलेली एक बॅग, आणि किंमत अशी की तेवढ्यात पोराचे बूट, वही, चष्मा सगळं येऊन वर कुंदा आणता येईल.

आधीच सांगतो, मी कोच नाही. बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, जॉबवर्क करतो. मुलगी बारा वर्षांची असताना एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबानं छरा मारणाऱ्या रायफलला, जायला लागली, तिला सोडायचं आणि दोन तास बाहेर बाकड्यावर बसायचं, बसून बसून वैताग आला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मीच एअर पिस्तूल हातात घेतलं. नेम माझा बेताचाच आहे, पण सामान वाहण्यात मात्र मी बऱ्याच जणांपेक्षा जास्त चुका केल्यात, त्यामुळे विचारताय ते बरोबर माणसाला विचारताय.

हे विचारणारे वाढले कधीपासनं तर १ ऑगस्ट २०२४ पासनं. त्या दिवशी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि आमच्या इकडं पण घराघरात रायफल शिरली. तसं कोल्हापूरकडं हे नवीन नाही, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं घेतलं. पण रेल्वेत टीसी असलेला, खेड्यातला पोरगा म्हटल्यावर लोकांना ते एकदम आपल्या गल्लीतलं वाटलं.

तर बॅग. पहिले दोन-तीन महिने घेऊ नका. खरंच. नवीन पोराला बंदूक क्लबचीच मिळते, ती तिथंच कपाटात असते, मग तुम्ही वाहणार काय? पायाला सपाट तळ असलेले बूट, डोळ्याला सेफ्टी गॉगल, एक छोटा नॅपकिन, वही-पेन, पाण्याची बाटली, एक केळं. हे सगळं शाळेच्या जुन्या दप्तरात मावतं. गॉगल पण ऑनलाईन मागवू नका, उद्यमबागेत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगला वापरतात तसला पारदर्शक मिळतो, तो चालतो. आमच्याकडं कामावर तेच वापरतात आणि मी रेंजवर पण तोच घालतो.

स्वतःचं पिस्तूल घेतल्यावर मात्र विचार करावा लागतो, आणि तिथं माझं एकच म्हणणं आहे. बंदुकीची बॅग अशी पाहिजे की घरनं निघाल्यापासनं फायरिंग लाईनवर पोचेपर्यंत तिची चेन उघडायची गरजच पडू नये. रंग, कंपनी, खिसे किती, हे सगळं त्याच्यानंतर.

हे मला कसं कळलं ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो. पिस्तूल घेऊन पंधरा दिवस झाले होते. एकच मोठी बॅग होती, त्यातच पिस्तूल, त्यातच डबा, त्यातच वाचायचा चष्मा, घराची किल्ली, सगळं. बाहेरच्या हॉलमध्ये फॉर्म भरायचा होता आणि चष्मा पाहिजे होता, म्हणून बॅग बाकड्यावर ठेवून उघडली, चष्मा पिस्तुलाच्या पेटीखाली गेलेला, म्हणून पेटी बाहेर काढली, ती नीट बंद नव्हती, ती उघडली. पिस्तूल रिकामं होतं, हवेचा सिलिंडरसुद्धा काढलेला होता. पण नळी नेमकी समोर बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या एका दहा वर्षांच्या पोराकडं. सर ओरडले नाहीत. आले, पेटी बंद केली, म्हणाले, "आज बसा." तो अख्खा दिवस मी पुन्हा त्याच जुन्या बाकड्यावर बसलो. मुलगी आतनं बघत होती ते वेगळंच.

कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा खऱ्या गोळीची पॉइंट टू टू रायफल कोतमधनं, म्हणजे शस्त्रागारातनं, मिळायची, पिशवी वगैरे प्रकरणच नव्हतं, हातात रायफल आणि मागं उस्तादांचा आवाज, "नाली सामने!" तीस वर्षं झाली तरी कानात आहे तो आवाज. पण चेनच्या बॅगेत बंदूक गेली की ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण विसरतो की तिला तोंड आहे.

त्या दिवसानंतर दोन पिशव्या केल्या. एकीत फक्त पिस्तुलाची पेटी. दुसरीत बाकी सगळं, म्हणजे हॉलमध्ये, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये जे जे लागू शकतं ते. आणि पेटीच्या बाहेरच्या बाजूला, नळी ज्या टोकाला असते तिथं लाल टेपचा बाण चिकटवला. लाईनवर टेबलावर पेटी ठेवताना बाण टार्गेटकडं करायचा, मगच कुलूप काढायचं, ते पण सरांनी सांगितल्यावर. टेपचा खर्च शून्य, शॉपमध्ये पडलेलीच होती. आता आमच्या क्लासच्या सात-आठ पेट्यांवर तो बाण आहे, त्याचा मला पहिल्या मेडलइतका आनंद आहे (मेडल अजून मिळालेलं नाही).

पेटी कुठली म्हणाल तर कंपनीची मिळाली तर उत्तमच, पण जुनं पिस्तूल घेतलं तर बऱ्याचदा पेटी नसतेच. मी हार्डवेअरवाल्याकडनं प्लॅस्टिकची टूलबॉक्स घेतली. मापाची काळजी करू नका, कारण मॅचला चालणारं एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात बसलंच पाहिजे असा नियमच आहे, वजन पण जास्तीत जास्त दीड किलो. म्हणजे आतनं पंचेचाळीस सेंटिमीटर लांबी असली की झालं. आत फोम घालायचा, आणि नुसता वरनं खालनं गादीसारखा दाबून नाही, पिस्तुलाचा आकार कापून. आमच्याकडं बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर ज्या डब्यात येतो तो बघितलाय? खाच कापलेली असते, वस्तू हलत नाही. नेम धरायची साईट हलली की तुम्ही दोन आठवडे स्वतःला शिव्या घालत बसणार, आणि चूक असणार रस्त्यावरच्या खड्ड्याची.

त्या फोममध्ये सिलिंडरला वेगळी खाच ठेवा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. तुमच्या स्कूटरच्या चाकात साधारण दोन बार असते, त्यावरनं काय ते समजा. एप्रिल-मे मध्ये बंद कारच्या डिकीत ती पेटी सोडून लग्नाला जेवायला जाऊ नका. आणि जुनं पिस्तूल घेताना सिलिंडरवरची तारीख बघा, बनल्यापासनं दहा वर्षं झाली की तो वापरायचा नाही.

सेफ्टी फ्लॅग लागतो, म्हणजे नळीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत जाणारी भडक केशरी दोरी, ती दिसली की लांबूनच कळतं की आत छरा नाही. ती पेटीत कायम नळीतच राहते, बंदूक पेटीबाहेर असली तरी सर काढा म्हणेपर्यंत काढायची नाही. आमच्यात काही जण गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वापरतात, तीच, फक्त रंग भडक बघून घ्यायची.

आता छऱ्यांचा डबा. हा बारका विषय वाटतो, पण इथंच घाण होते. पाचशे छऱ्यांचा पत्र्याचा चपटा डबा असतो, त्याचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं. माझ्या मुलीच्या बॅगेत तो एकदा उघडला आणि छरे गेले चपातीच्या डब्याच्या पिशवीत. छरे शिशाचे असतात ओ. शिसं पोटात जाणं वाईट, पोरांच्या तर अजून वाईट. ती चपाती टाकून दिली, आणि पिशवी पण. वर पाचशेतले निम्मे छरे एकमेकांवर आपटून कडेला चेपलेले, मागची कड चेपली की छरा सरळ जात नाही, म्हणजे पैसे पण गेले. आता डब्याला रबर बँड, वरनं फिरकीच्या झाकणाची बरणी, आणि ती खाण्याच्या पिशवीत कधीच नाही.

रायफलवाल्यांचं दुःख वेगळं. रायफलचं वजन मॅचमध्ये साडेपाच किलोपर्यंत चालतं, वर कॅनव्हासचं ते कडक जॅकेट नि पँट, घडी घालायची नाही म्हणतात, घडी पडली की त्याचा कडकपणा जातो. त्याला मी एकच केलं, जॅकेट हँगरला लावून सूटच्या कव्हरमध्ये. रायफलची लांब केस अ‍ॅक्टिव्हावर पायापाशी आडवी ठेवून मी एकदा गोगटे सर्कलला दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे ते करू नका. मागं बसणाऱ्यानं पाठीवर उभी घ्यायची, दोन पट्ट्यांची केस असेल तर. नाहीतर सरळ बसनं जायचं. आमच्या बसमधले कंडक्टर एवढी लांब केस बघून दरवेळी विचारतात, "तंबोरी काय ओ?" कुमार गंधर्वांचा जिल्हा हा, सुळेभावी इथनं किती लांब? पहिल्यांदा मी खरं सांगायला गेलो तर आजूबाजूचे चार जण सरकून बसले. तेव्हापासनं "खेळाचं सामान" म्हणतो, ते खोटं पण नाही.

आणि म्हणून ती मिलिटरी रंगाची बॅग नको म्हणतो. एक तर हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, कँपातनं तसली बॅग घेऊन फिरलात की उगाच चौकशी. दुसरं म्हणजे आपला हा कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरचा भाग, हायवेवर कोगनोळीला कधी नाकाबंदी लागेल सांगता येत नाही. एकदा कोल्हापूरहून मॅच बघून परत येताना, इलेक्शनचे दिवस होते, पोलिसांनी गाडी थांबवली. "एनैति इदराग?" यात काय आहे. माझं कन्नड तसं बाजारापुरतं, मी म्हटलं स्पोर्ट्स. उघडा म्हणाले. मी खाली उतरलो, पेटीला हात न लावता आधी बाहेरच्या खिशातनं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधले कागद काढले, क्लबचं कार्ड, पिस्तुलाचं बिल, आधार. पॉइंट टू टू ला लायसन्स लागतं, आमच्या साडेचार मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला, २० ज्यूलच्या आत असल्यामुळं, लागत नाही, पण हे रात्री हायवेवर तोंडी समजावत बसायचं नसतं. मग म्हटलं, "सर, तुम्ही सांगाल तिथं ठेवून उघडतो." त्यांनी बॉनेटवर ठेवायला लावली, केशरी दोरी दिसली, विचारलं हे काय, सांगितलं. पाच मिनिटांत सुटलो. वर एका पोलिसानं त्याच्या भाच्यासाठी क्लासची फी विचारली.

म्हणून कागदांचा खिसा बाहेर पाहिजे, बंदुकीच्या कप्प्याला न उघडता हात जाईल असा. तसली बॅग तयार मिळत नाही, मी शहापुरात दप्तरं शिवणाऱ्याकडनं शिवून घेतली, काळं रेक्झिन, आत ताडपत्रीचं अस्तर. आपल्याकडं जुलैत पाऊस कसा येतो माहीत आहे, टिळकवाडीतनं रेंजपर्यंत पोचताना बूट पाण्यानं भरतात, त्यामुळं रेनकव्हर नको, बॅगच ताडपत्रीची पाहिजे. शिवणाऱ्यानं विचारलं, "आत काय ठेवूलास?" म्हटलं मायक्रोमीटर.

काही पोरं होल्स्टर मागतात, म्हणजे कमरेला लावायचं पिस्तुलाचं कव्हर. रील बघून. आपल्या १० मीटरच्या खेळात ते नाहीच, पिस्तूल एक तर पेटीत, नाहीतर टेबलावर, नाहीतर हातात टार्गेटकडं. माझा एक भाचा अमेरिकेत आहे, तो तिथं खऱ्या पिस्तुलाच्या बिगिनर क्लासला जाणार होता, तिथं होल्स्टर लागतं, आणि मामा नेमबाज म्हणून त्यानं मला फोन केला. मला कुठलं कळायला. क्लासवाल्यांचा कागद वाच म्हटलं. त्यात होतं की होल्स्टर कडक पाहिजे, ट्रिगर पूर्ण झाकणारं, पिस्तूल काढल्यावर चेपून बंद न होणारं, म्हणजे एका हातानं परत घालता येतं, नेहमीच्या हाताच्या बाजूला कमरेवर, पट्टा जाड. खांद्याखालचं, पाठीमागचं चालणार नाही, कारण पिस्तूल काढताना नळी शेजारच्या माणसावरनं फिरते. आणि पहिलीच ओळ, घरनं येताना पिस्तूल रिकामं आणि केसमध्ये बंद, पार्किंगमध्ये हात लावायचा नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, आमच्या सरांनी लिहिल्यासारखं आहे हे.

एक राहिलं. दुसऱ्या पिशवीत, केळ्याच्या आधी, साबणाची छोटी वडी ठेवा, छऱ्यांचं शिसं हाताला लागतं. रेंजवरचा साबण कायम संपलेला असतो.