आमची वाटचाल : आधी सिंक, मग रंग

सुरुवातीच्या दिवसांत आमच्या मॉड्युलर किचनच्या ऑर्डर फॉर्मवर पहिला रकाना असायचा तो शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, रंगाचा. आता तो सर्वांत खाली गेलाय. पहिला रकाना सिंकचा आहे: नळ कुठे, सांडपाण्याचा पाईप भिंतीत जातो की जमिनीत, सायफनला (सिंकखालच्या वळणदार पाईपला) किती जागा लागते. दुरुस्तीला परत आलेली कामं उघडून बघत गेलो, तसा हा फॉर्म खालून वर सरकत गेला.

बोर्ड सहसा मधून खराब होत नाही, कडेतून होतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डच्या (दोन्ही लाकडाचा भुसा-चुरा गोंदाने दाबून केलेले) कापलेल्या कडेत पाणी मुरलं की ती फुगते, आणि वाळल्यावरही पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. कारखान्यात चारही कडांना त्या झाकणारी पट्टी लागलेली असते; घोळ होतो साइटवर. पाईपसाठी होल-सॉने (गोल करवतीने) भोक पाडतात आणि आतली कच्ची कड तशीच सोडतात. पाईपवरचं दमट थेंब-थेंब पाणी नेमकं तिथेच उतरतं. म्हणून सिंकखालचा बॉक्स (कपाटाचा सांगाडा) आम्ही फक्त फिनॉलिक गोंदाच्या, पाण्यात टिकणाऱ्या प्लायचाच करतो, बाकीचं किचन कशाचंही असो. भोक पाईपपेक्षा ८ ते १० मिमी मोठं, आतल्या कडेला सीलरचे दोन हात, ते वाळल्यावर सिलिकॉन. पाठीची फळी तिथे लावतच नाही. नळाची चावी हाताला लागली पाहिजे. तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा: मागे आणि बाजूंना १० मिमी वर उचललेला, पुढे मात्र फळीच्या कडेवरून खाली वळवलेला. पूर्ण ट्रे केला तर गळती आत साचून राहते आणि कुणाला कळत नाही. पाणी पुढे येऊन जमिनीवर दिसलेलं परवडतं.

कडेच्या पट्टीबद्दल आमचं मत ठाम आहे. बॉक्सला ०.८ मिमी चालते, शटरला २ मिमीच. पातळ पट्टी कोपऱ्यावर भांडं आपटलं की चिरते. गोंदही विचारून घ्यावा: नेहमीचा ईव्हीए हॉट-मेल्ट (वितळवून लावायचा गोंद) उष्णतेने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे ओव्हनशेजारची आणि डिशवॉशरच्या वरची पट्टी आधी सुटते. पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि मग वितळत नाही. सगळीकडे नाही परवडला तरी निदान या दोन जागी तो हवाच.

मापं घेण्याची आमची पद्धतही बदलली. भिंत सरळ असते असं आता आम्ही धरतच नाही. लांबी तीन उंचींवर मोजायची (जमिनीलगत, ओट्याच्या पातळीला, वरच्या कपाटाच्या पातळीला) आणि सर्वांत लहान माप धरायचं. कोपऱ्यात एका भिंतीवर ९०० मिमी, दुसरीवर १२०० मिमी खूण करून तिरकं माप घ्यायचं. १५०० आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. ३००० मिमीच्या भिंतीत ३००० मिमीची कपाटं कधीच बसत नाहीत. भिंतीलगत २० ते ३० मिमीची फिलर पट्टी (फट भरणारी) ठेवावी आणि ती साइटवर भिंतीच्या वाकाप्रमाणे रंधा मारून बसवावी.

एल आकाराच्या कोपऱ्यातली चूक कागदावर दिसत नाही. शटर १८ मिमी, हँडल ३५ मिमी पुढे, म्हणजे एका बाजूच्या बॉक्सच्या पुढे ५३ मिमी जागा व्यापलेली. दुसऱ्या बाजूचा ड्रॉवर बाहेर येताना तिथेच अडकतो. फिलर किमान ६० मिमी हवा. हँडल आधी ठरलं नसेल, तर आम्ही कोपऱ्याचं कटिंगच थांबवतो.

ओट्याची उंची ठरवताना छापील तक्त्यापेक्षा काम करणाऱ्या माणसाचं कोपर बघावं. उभं राहून कोपर वाकवलं की त्याच्या १०० ते १५० मिमी खाली ओटा. कोपर १०२० वर असेल तर ओटा ८८० धरू: बॉक्स ७२०, पाय १३०, वरची फरशी ३०. पाय फिरवून उंची बदलता येणारे प्लास्टिकचेच घ्यावेत. बॉक्स थेट जमिनीवर टेकवला की पुसण्याचं पाणी कडेत चढतं.

ड्रॉवरमध्ये हिशेब चुकायला जागाच नाही. ६०० मिमीच्या बॉक्सची आतली रुंदी ५६४ (१८ मिमीच्या दोन बाजू गेल्या). बॉल-बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना) दोन्हीकडे मिळून साधारण २६ लागतात, म्हणून ड्रॉवर ५३८ चा. दोन मिमी जास्त झाला की चॅनेल घासतं, कमी झाला की हेलकावतो. चॅनेलवर लिहिलेले किलो जोडीचे असतात, एकेका पट्टीचे नव्हेत.

फळ्यांचंही असंच. फळीवर सगळीकडे सारखंच सामान ठेवलं तरी ६०० ऐवजी ९०० मिमी लांब फळी सुमारे पाचपट वाकते. मध्ये उभा आधार द्यावा. नुसती जाडी १८ ची २५ मिमी केली तर वाक अडीच-पावणेतीनपटच कमी होतो.

सॉफ्ट-क्लोज (न आपटता हळूच बंद होणारं) शटर सगळे मागतात, हिंज (बिजागऱ्या) किती लावणार हे क्वचितच कुणी विचारतं. ९०० मिमीपर्यंतच्या शटरला दोन, १६०० पर्यंत तीन, दोन मीटरला चार. शटर रुंद किंवा जड असेल तर एक जास्त. उंच शटर वाकण्याचं कारण मात्र बहुधा लॅमिनेट असतं. बाहेर १ मिमी लॅमिनेट आणि आत नुसता रंग दिला तर दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळा घेतात आणि शटर धनुष्यासारखं होतं. आतूनही जवळपास त्याच जाडीचं लॅमिनेट लागतं.

वरची कपाटं पाठीच्या ६ मिमी फळीतून स्क्रू मारून टांगू नयेत. भिंतीवर लोखंडी पट्टी, बॉक्सच्या बाजूंना हँगर. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला प्लग वेगळे लागतात.

राहिला रंग. नमुन्याचा तुकडा टेबलावर आडवा ठेवून बघू नका. किचनमध्ये, संध्याकाळी, तिथल्याच दिव्याखाली उभा धरून बघा. गडद चकचकीत शटरवर बोटं उमटतात, हे तेव्हाच कळतं. मेम्ब्रेन फॉइल (शटरवर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर) आवडला तरी ओव्हनशेजारी नको, उष्णतेने तो सुटतो. आणि ऑर्डर देतानाच त्याच लॉटमधलं एक जादा शटर आणि दोन-चार मीटर कडेची पट्टी घेऊन ठेवा. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.