रो ते रोकुदान: टोकियोत शाकुहाची शिकताना

शाकुहाचीतून, म्हणजे जपानी बांबूच्या बासरीतून, पहिला नीट सूर निघायलाच कित्येकांना काही आठवडे लागतात, हे आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. या काळात बरेच जण सोडून जातात, असंही म्हणाले. तरी मी शिकवणी लावली. पुण्यात असताना मध्यमा परीक्षेपर्यंत शास्त्रीय गायन झालं होतं, नोकरीमुळे टोकियोत निशिकासाईला येऊन स्थिरावले होते, आणि इथलं जुनं संगीत नुसतं ऐकत बसण्यापेक्षा एखादं वाद्य हातात धरून समजून घ्यावं ही फार दिवसांची इच्छा होती. कोतो हे तारांचं वाद्य जवळजवळ सहा फूट लांब, आमच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? शाकुहाची मात्र ऑफिसच्या पिशवीत मावते.

आपली बासरी आडवी धरतात, ही उभी. वरचं टोक उघडं असतं आणि त्याच्या कडेवर एक तिरका काप घेतलेला असतो, त्याला उतागुची म्हणतात. हनुवटीने भोकाचा मागचा भाग झाकायचा आणि ओठांतून निघालेली हवेची बारीक पट्टी नेमकी त्या कडेवर आपटवायची. पुढे चार भोकं, मागे अंगठ्याला एक. प्रचलित मापाची शाकुहाची एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण 54.5 सेंटिमीटर लांब असते, आणि या लांबीवरूनच तिला नाव मिळालं. मादाके जातीचा बांबू मुळासकट काढून ती बनवतात, त्यामुळे खालच्या टोकाला मुळांच्या गाठी दिसतात. चांगल्या बांबूच्या शाकुहाचीची किंमत लाखो येनांच्या घरात जाते. मी सेन्सेईंच्या सल्ल्याने एबीएस प्लास्टिकची घेतली, तीही त्याच मापाची.

सगळी भोकं बंद ठेवून लागतो तो सूर ‘रो’. सुरुवातीला घरी फक्त तोच वाजवायचा. वाजवायचा कसला, शोधायचा! जोरात फुंकलं की नुसती हवा, हळू फुंकलं की काहीच नाही, आणि पाच मिनिटांत गरगरायला लागतं. गाण्यात आपण श्वास जपून वापरायला शिकतो. इथे तो श्वास ओठांपाशी किती रुंद, किती जाड आणि कोणत्या कोनात निघतो यावर सगळा खेळ असतो. आरशासमोर उभं राहून ओठांची फट बघत बसायचं. इथल्या भिंती पातळ, म्हणून मी आराकावा नदीच्या बांधावर जात असे. पण वारा आला की ओठांतली हवा तो पळवून नेतो, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. हिवाळ्यात कराओकेची छोटी खोली तासाच्या भाड्याने घ्यायची. टोकियोतले पुष्कळ वादक रियाज असाच करतात.

शिकवणीची पद्धत मला फार आवडली. वाकून ‘योरोशिकु ओनेगाई शिमासु’ (कृपा असू द्या, अशा अर्थाचं) म्हणायचं, ताटामीच्या चटईवर गुडघे दुमडून समोरासमोर बसायचं आणि दोघांनी एकदम वाजवायला सुरुवात करायची. सेन्सेई फारसं समजावत नाहीत. मी अडले तरी ते थांबत नाहीत, मीच पुढच्या जागी त्यांना गाठायचं. शेवटपर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. लिपी काताकाना या जपानी अक्षरांची, उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे वाचायची: रो, त्सु, रे, ची, री. ओळीच्या दोन्ही बाजूंच्या खुणांवरून मात्रा कळते. एकच सूर दोनदा घ्यायचा तर जीभ लावायची नाही, एखाद्या भोकावर बोटाने क्षणभर आघात करून तो तोडायचा. या एका गोष्टीने शाकुहाचीचं सगळं बोलणं बदलतं.

नुसती भोकं उघडत गेलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे सूर मिळतात. म्हणजे थेट धानी रागाचे सूर. हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, चला, ओळखीच्या गावात आलो. घरी तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) लावून मी ते पाच सूर घोळवू लागले, कारण या मापाच्या शाकुहाचीचा रो पांढरी दोनचा असतो (जपानमध्ये वाद्यं जरा चढी लावतात, तेवढं ॲपमध्ये वर घ्यावं लागतं). पण एदो काळातल्या (1603–1868) शहरी संगीताचा जीव या पाच सुरांत नाही. कोतो आणि शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या बहुतेक रचना ज्या सप्तकात आहेत त्यात सा, कोमल रे, म, प, कोमल ध असे सूर येतात, आणि गाणं शिकलेल्या कुणालाही ते ऐकताच गुणकली राग आठवेल. शाकुहाचीवर हे दोन कोमल सूर देणारं भोकच नाही. ते काढायचे कसे?

मान खाली घालून. हनुवटी आत ओढली की ओठ आणि कड यांतलं अंतर कमी होतं, सूर उतरतो. याला मेरी म्हणतात, आणि मान वर करून चढवलेल्या सुराला कारी. जोडीला भोक अर्धवट झाकायचं. ‘त्सु’ची मेरी केली की कोमल रे, ‘री’ची केली की कोमल ध. आता खरी गोष्ट अशी की मेरीत सूर नुसता उतरत नाही, त्याचा आवाजही लहान होतो, रंग झाकोळतो. मला वाटायचं, चांगल्या वादकाने ही उणीव भरून काढायला हवी, सगळे सूर सारख्या वजनाने यायला हवेत. एका धड्यात सेन्सेईंनी चक्क मला थांबवलं, जे ते कधी करत नाहीत, आणि कोमल रे वरून सा वर येणारी एवढीशी जागा पुन्हा पुन्हा वाजवून दाखवली. तो रे जवळजवळ श्वासासारखा, आणि लगेच आलेला सा भरदार, खुला. रे मुद्दामच दबलेला ठेवायचा, म्हणजे सा आल्यावर सुटल्यासारखं वाटतं. स्वरांतलं हे उजेड-सावलीचं नातं या संगीताच्या रचनेतच धरलेलं आहे. आपण गुणकलीत कोमल रे आंदोलित करून त्याला भाव देतो, इथे तो भाव नादाच्या पोतातून येतो. या दिवसानंतर माझं ऐकणंच बदललं. पूर्वी मी जपानी संगीत ऐकताना पुढचा सूर कोणता याची वाट बघायची. आता लागलेला सूर आतून कसा बदलतोय, त्यात हवा किती, धार किती, शेवटी तो कुठे विरतोय, याकडे कान जातो. इथे एक म्हण आहे, ‘मान हलवायला तीन वर्षं’. ती अगदी खरी आहे.

त्याच सुमारास सेन्सेईंनी चहा झाल्यावर ‘त्सुरु नो सुगोमोरी’ वाजवून दाखवलं. करकोच्याच्या जातीच्या त्सुरु पक्ष्यांचं घरटं, पिल्लं, त्यांची फडफड. होनक्योकु, म्हणजे शाकुहाचीच्या स्वतःच्या एकल रचना, त्यांतली ही एक फार अवघड. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात यामागुची गोरो यांनी वाजवलेली हीच रचना आहे. आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं ‘जात कहां हो’. मी फोनवर केसरबाई लावल्या. सेन्सेई डोळे मिटून ऐकत राहिले, पुन्हा लावा म्हणाले. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या बाईंचा तो खणखणीत आकार त्या छोट्याशा खोलीत भरून राहिला तेव्हा मला फार भरून आलं.

क्योतोला गेले तेव्हा तोफुकुजी या मोठ्या मठाच्या आवारातल्या म्योआनजी या लहान देवळात मुद्दाम गेले. एदो काळात शाकुहाची हे करमणुकीचं वाद्यच मानलं जात नव्हतं. ती झेनच्या फुके पंथाच्या कोमुसो साधूंची, ध्यानाचं साधन. डोक्यावर चेहरा पूर्ण झाकणारी विणलेली टोपली, तिला तेंगाई म्हणतात, आणि हातात शाकुहाची, अशा वेशात ते दारोदार भिक्षा मागत हिंडत. यातले बरेचसे मुळात सामुराई. एदो राजवटीचा संस्थापक खुद्द तोकुगावा इयेयासु याने 1614 मध्ये आपल्याला खास सवलतींची सनद दिली असा त्यांचा दावा होता. ती सनद बनावट असल्याचं अभ्यासक मानतात, पण तिच्या जोरावर या लोकांनी देशभर निर्वेध फिरून घेतलं हे खरं. अठराव्या शतकात कुरोसावा किन्को (1710–1771) याने ठिकठिकाणच्या रचना गोळा केल्या. त्याच्या परंपरेत छत्तीस होनक्योकु आहेत, आणि मी शिकते ते किन्को-र्यू घराणं त्याच्याच नावाचं.

एदो राजवट संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारने 1871 मध्ये फुके पंथ बंद केला. त्याच वर्षी कोतो आणि शामिसेनची मक्तेदारी असलेला अंध कलावंतांचा तोदो हा संघही मोडीत काढला. एका वर्षात दोन परंपरांचं छत्र गेलं. शाकुहाचीचं तर अस्तित्वच धोक्यात आलं होतं. अराकी कोदो आणि योशिदा इच्चो या वादकांनी सरकारकडे खटपट केली, पंथाशी संबंध तोडून ती निव्वळ वाद्य म्हणून चालू ठेवायला परवानगी मिळवली. निराश्रित झालेली ही वाद्यं मग एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. कोतो आणि शामिसेनच्या जोडीला पूर्वी कोक्यू हे गजाने वाजवायचं वाद्य असे, त्या जागी शाकुहाची येऊन बसली. सान्क्योकु म्हणून आज जो त्रिवाद्यमेळ ऐकायला मिळतो, तो या उलथापालथीनंतर घडलेला. प्राचीन, अचल जपान म्हणून जे आपण कौतुकाने ऐकतो त्यातलं बरंच काही असं जिद्दीने वाचवलेलं आहे. मला या माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो.

शाळांतून मात्र ही वाद्यं गेलीच. 1879 मध्ये संगीतशिक्षणासाठी सरकारी कचेरी निघाली आणि शाळेत पाश्चात्त्य धर्तीचं गाणं रुजलं. माझ्या ऑफिसातल्या बहुतेकांनी लहानपणी पियानो शिकलाय, शाकुहाची कुणी हातातही धरलेली नाही. 2002 पासून माध्यमिक शाळेत निदान एका जपानी वाद्याची ओळख करून देणं अभ्यासक्रमात आलं, त्यामुळे नव्या मुलांनी कोतोच्या तारा तरी छेडलेल्या असतात.

सेन्सेईंच्या शिष्यांचा वार्षिक कार्यक्रम असतो, त्यात मला ‘रोकुदान नो शिराबे’ मिळालं. यात्सुहाशी केंग्यो (1614–1685) या अंध कलावंताची म्हणून ही कोतोची रचना ओळखली जाते. त्या काळचं बहुतेक कोतोवादन गायनाच्या साथीचं, ही मात्र गाण्याविना. सहा भाग, प्रत्येक 104 मात्रांचा, पहिल्यात सुरुवातीच्या चार जास्त. लय अगदी सावकाश सुरू होते, भागागणिक वाढत जाते आणि अखेरीस पुन्हा मंदावते. ठेका धरणारं कुणी नाही. समोर कोतो वाजवणाऱ्या बाईंचा श्वास आणि त्यांच्या उजव्या हाताची उचल बघून लय पकडायची. मला तबल्याची सवय, त्यामुळे तालमींमध्ये मी मनातल्या मनात मात्रा मोजत असे. त्या बाई मला म्हणाल्या, ‘मोजू नका, माझ्याबरोबर श्वास घ्या.’ तिसऱ्या भागानंतर लय चढू लागली की मेरीच्या जागांवर मान खाली-वर करायला वेळच पुरत नाही, तिथे रोज कराओकेच्या खोलीत घासून घासून त्या जागा बसवल्या. कार्यक्रमात सगळे भाग न तुटता गेले. चौथ्या भागात एक कोमल ध असा लागला की कोतोची तार विझत असताना तो तिच्यातूनच उगवल्यासारखा वाटला. तेवढ्या एका सुरासाठी ते सगळे महिने घातले तरी कमी होते. मंचावरून उतरल्यावर सेन्सेई म्हणाले, आता होनक्योकु सुरू करू.

कुणाला शिकायची इच्छा असेल तर दोन-चार गोष्टी. आधी घराणं विचारा. तोझान-र्यू हे दुसरं मोठं घराणं नाकाओ तोझान यांनी 1896 मध्ये ओसाकात सुरू केलं, त्याची लिपी वेगळी आहे, आणि मध्येच घराणं बदलायचं तर वाचणं पुन्हा शिकावं लागतं. उतागुचीच्या कडेत बसवलेला तुकडा किन्कोत समलंब आकाराचा, तोझानमध्ये चंद्रकोरीसारखा, त्यावरून वाद्य ओळखता येतं. जुन्या वाद्यात हा तुकडा हस्तिदंताचा असू शकतो. असं वाद्य देशाबाहेर न्यायला कायद्याची अडचण येते, तेव्हा घेण्याआधीच चौकशी करा. बांबू कोरड्या हवेत तडकतो, म्हणून वाजवून झालं की आतून पुसून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर त्याची धडगत नाही. आता माझ्याकडे बांबूचीही आहे, पण सुट्टीत घरी जाताना मी एबीएसचीच नेते. मागच्या खेपेला माझ्या गाण्याच्या बाईंनी तानपुरा पांढरी दोनवर लावून दिला आणि कोमल रे वरून सा वर येणारी ती जागा मला परत परत वाजवायला लावली. त्यांना आता शाकुहाचीवर संथ लयीत गुणकलीची आलापी ऐकायची आहे, आणि मी ती बसवते आहे.