बोटीने गोव्याला

पणजी, रात्रीचे साडेदहा

संध्याकाळी मांडवीच्या कडेने चालत जुन्या सचिवालयापर्यंत गेले. आबे फारियाच्या पुतळ्याजवळ बराच वेळ उभी होते. नदीत कॅसिनोच्या बोटींचे दिवे लागले होते, पण माझं लक्ष धक्क्याकडे होतं. 1974च्या मे महिन्यात नऊ वर्षांची मी आईचा पदर धरून याच काठावर उतरले होते.

त्या काळी आमच्या घरी ‘गोव्याला जायचं’ म्हणजे मंगेशीला जायचं. कुलदैवत. समुद्रकिनारे वगैरे मागाहून आले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. काका आधी धावत जाऊन डेकवर वळकट्या पसरून जागा धरायचे. दशम्या, लसणीची चटणी, आणि ज्याला बोट लागेल त्याच्यासाठी आवळकाठी. आईला दर वेळी बोट लागायची. ती डोळे मिटून पडून राहायची, तरी कुणी ‘किल्ला दिसला’ म्हटलं की उठून बसायची. मालवणला बोट आत जायची नाही. पडाव यायचे. हेलकावणाऱ्या पडावात खलाशी आधी पोरांना उचलून घ्यायचे, मग ट्रंका, मग बायका. रात्री काळोखात खालून येणारे ते आवाज मला अजून ऐकू येतात.

पहाटे काकांनी मला उठवून कठड्यापाशी नेलं. डाव्या हाताला आग्वाद, उजवीकडे काबोचं टोक, आणि मधून बोट मांडवीत शिरत होती. आग्वादचा किल्ला 1612चा. आत पाण्याचं प्रचंड टाकं आहे. लांबच्या सफरीवर निघालेली पोर्तुगीज जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत, त्यावरूनच किल्ल्याला नाव पडलं. हे मी पुढे वाचलं. पण समुद्रातून येणाऱ्याला गोवा आधी कसा दिसतो, ते त्या पहाटेच कळलं होतं.

आजीचे दिवस अधिक कठीण. 1955 साली सत्याग्रहानंतर नाकेबंदी झाली, कॅसलरॉकवरून दूधसागरच्या बाजूने उतरणारी गाडीही बंद पडली. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त होईपर्यंत आजीला कुलदैवताचं दर्शन झालं नाही. घरातल्या तसबिरीला हात जोडून ती म्हणायची, ‘देवा, तुलाही नदी ओलांडावी लागली होती.’ खरंच होतं ते. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. 1560मध्ये धर्मच्छळाच्या भीतीने भक्तांनी लिंग जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं. परवा कुठ्ठाळीच्या नव्या पुलावरून गाडी भुर्रकन गेली आणि मला हात जोडायलाही उसंत मिळाली नाही. रात्रीच्या अंधारात तो देव पाण्यावरून कसा गेला असेल, हा विचार मात्र दिवसभर सुटला नाही.

आता रेल्वेने आले. 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तिचे उपकार मी मनापासून मानते. बोट न लागता, पावसाळ्यातसुद्धा, आईला ऐंशीव्या वर्षी देवदर्शन घडलं ते तिच्यामुळे. बोटी तर पावसाळ्यात बंदच असत. तरी साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यात खिडकीबाहेर काळोख बघताना चुटपूट लागते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पाण्यातून बघण्यासाठीच बांधलेले. आमच्या मुलांनी ते एकदाही तसे पाहिलेले नाहीत. ऐंशीच्या दशकानंतर ती जुनी सेवा संपली. साध्या माणसाला परवडेल अशी, डेकवर वळकटी टाकता येईल अशी बोट पुन्हा सुरू व्हावी, असं मला फार वाटतं.

उद्या सकाळी रायबंदरला जाऊन चोडणची फेरी पकडणार आहे. जाताना 1634चा तो लांबलचक दगडी पूल लागेल. फेरीत पुढच्या कठड्याशी उभी राहीन. पलीकडे खारफुटी, सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य. पाण्याची वाट पाच-सात मिनिटांची असेल, तेवढी तरी पायाखाली हलू दे.